त्याच गिअरात उतर

"येताना बस की गाडीत. जाताना काय बघणार? जाताना नुसता उतार आहे," मावसभाऊ म्हणाला. ट्रक त्याचा. बँकेचा म्हणायला हवा, कारण हप्ते अजून चालू होते. ट्रक चालवणारे तात्या शेजारी उभे राहून तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर न करता मला सांगितलं, "म्हनूनच बसा."

ही २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. कराडच्या बाजूच्या एका कारखान्यातून साखर भरून वाशीच्या मार्केटला न्यायची होती. कराड ते पुणे आणि पुणे ते मुंबई हा रस्ता मी गेली तीस वर्षं एसटीने, नंतर स्वतःच्या गाडीने करतो आहे. मुंबईला जाताना आपण डोंगर उतरतो हे माझ्या लक्षात राहत असे ते फक्त कानात दडे बसायचे म्हणून. एक जांभई दिली की झालं. घाटात ट्रक आडवे येतात म्हणून मीही चार शिव्या दिलेल्या आहेत. ते इतके हळू का उतरतात, उताराला तर इंजिनाला जोर लागत नाही, हा प्रश्नही कधी पडला नव्हता.

संध्याकाळी हमालांनी पोती रचली. पन्नास किलोचं एक, अशी ३६० पोती. अठरा टन झाले. गाडी दहा टायरी. या गाड्यांचं पासिंग पूर्वी एकूण पंचवीस टनांचं होतं, २०१८ मध्ये सरकारने ते साडेअठ्ठावीस केलं. काट्यावर गाडी त्याच्या आत आली. भरताना कोणी तरी विचारलं होतं, वर आणखी वीस पोती टाकू का, तेवढीच भाड्याची भर. तात्यांनी नुसता हात हलवला. नंतर मला म्हणाले, "चढाला टन जड हुतो, तवा इंजान रडतंय, आपल्याला कळतंय. उताराला टन रडत न्हाय. त्यो गप बसून ढकलतो."

दोन ताडपत्र्या चढवून दोर आवळल्यावर निघायचं, असं मला वाटलं. पण तात्या टामी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरू लागले. प्रत्येक टायरवर एक ठोका. हवा नीट असली की आवाज टणक येतो, कमी असली की बद्द येतो. मागच्या जोड टायरांतलं आतलं टायर बसलेलं असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, बाहेरचं टायर त्याला झाकतं. कान मात्र फसत नाही. मग ते गाडीखाली वाकले आणि हवेच्या टाकीची कडी ओढली. फुस्स करून हवा सुटली आणि तिच्याबरोबर अर्धा पेला काळपट पाणी मातीत पडलं.

हे पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून टाकीत भरतो. आपण पेडल दाबलं की ती हवा चाकापर्यंत जाते आणि लायनर ड्रमवर आवळते. हवेत दमटपणा असतो, दाबली की त्याचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. जेवढं पाणी, तेवढी हवेला जागा कमी. "रोज काढायचं," तात्या म्हणाले, "नळाचं पानी भरल्यागत." त्यांचा वीसेक वर्षांचा भाचा क्लीनर म्हणून होता. रात्रभर तो चार वाक्यांच्या वर बोलला नाही, पण हे वाक्य त्याने त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हटलं. पाठ झालं होतं.

दहा वाजता निघालो. केबिनमध्ये पालीच्या खंडोबाचा फोटो, विझलेली उदबत्ती आणि इंजिनाची ऊब. थंडी होती म्हणून ऊब बरी वाटली. मे महिन्यात इथे माणूस शिजत असणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. हा निर्णय वीस वर्षं आधी झाला असता तर किती डुलक्या वाचल्या असत्या, असं आता वाटतं. हंगाम जोरात होता. हायवेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. तात्या त्यांना लांबूनच ओळखत. कसे, ते विचारलं तर म्हणाले, "फुडचा अंधार जरा जास्तच काळा दिसला की समजायचं, ऊस हाय."

पाचवडला चहा घेतला. तिथे मी त्यांना डिझेलचं विचारलं. बहुतेक मालक ट्रिपला किती डिझेल लागेल ते ठरवून पैसे देतात. त्यात वाचलं ते ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर त्याच्याच खिशातून. भरलेली गाडी लिटरला चारच्या आसपास पळते आणि डिझेल तेव्हा नव्वदच्या वर होतं. म्हणजे दहा लिटर वाचले तर घरचा आठवड्याचा बाजार निघतो. हा हिशेब मी वहीत लिहून घेतला तेव्हा तो मला बिनमहत्त्वाचा वाटला होता.

भुईंज, सुरूर मागे टाकून खंबाटकीपाशी आलो. पुण्याकडून येणारा माणूस खंबाटकीचा घाट चढतो, वळणं घेतो. साताऱ्याकडून जाणाऱ्याला मात्र घाट लागतच नाही. तो बोगद्यात शिरतो आणि दुसऱ्या बाजूला निघतो. घाट चुकला, असं वाटतं. खरा घाट बोगद्याच्या तोंडाशी बसलेला आहे. बाहेर पडल्या पडल्या उतार आणि त्यात इंग्रजी एस अक्षरासारखं दुहेरी वळण. बोगद्यातल्या पिवळ्या दिव्यांत सगळे सरळ रेषेत वेग धरतात आणि बाहेर येतात ते थेट वळणावर. या वळणाने किती माणसं नेली, त्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. ते वळण टाळायला बाजूला नव्या जोडबोगद्यांचं काम तेव्हा सुरू होतं.

तात्यांनी बोगद्याच्या आतच गिअर उतरवायला सुरुवात केली. पाचवा, चौथा. मागून एका कारवाल्याने डिपर मारले, मग हॉर्न. बोगद्यात तो हॉर्न घुमत राहिला. तात्यांनी आरशात पाहिलंसुद्धा नाही. तोंडापाशी येईपर्यंत गाडी तिसऱ्यात होती आणि इंजिन ओरडत होतं. रस्ता अजून जवळजवळ सपाट असताना गाडी इतकी का दाबली, ते मला कळेना. पुढच्या मिनिटात कळलं. पाठीमागचे अठरा टन वळणात बाहेरच्या बाजूला झुकले. सीट माझ्याखालून सरकल्यासारखी वाटली आणि मी दाराचा दांडा घट्ट धरला. दुसऱ्या वळणाला तेच वजन उलट्या बाजूला गेलं. तात्यांचा पाय मात्र ब्रेकवर जेमतेम दोनदा पडला असेल.

"आता गिअर टाकला असता तर?" मी विचारलं.

"टाकला असता म्हंजी? पडला असता तर ना! उताराला गाडी पळाया लागली की खालचा गिअर घेत न्हाय. मधीच न्यूट्रलमधी लटकलं की मग द्येव बी घेत न्हाय."

ही त्या रात्रीतली कळीची गोष्ट. उताराचा निर्णय उतार लागायच्या आधी घ्यावा लागतो. जड गाडीच्या गिअरला चाकांचा आणि इंजिनाचा वेग जुळावा लागतो. गाडी एकदा सुटली की ते जुळत नाहीत आणि वरच्या गिअरातून काढलेली गाडी खालच्या गिअरात जातच नाही. जुने ड्रायव्हर नव्याला पहिल्या दिवशी सांगतात ते एवढंच: ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. खालच्या गिअरात चाकं इंजिनाला फिरवायला बघतात, इंजिन फिरायला कुरकुरतं आणि ती कुरकूरच गाडीला मागे ओढून धरते. शिवाय एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो धुराच्या नळीचं तोंड आतून मिटून इंजिनाचा श्वास कोंडतो, त्यामुळे ओढ आणखी वाढते. चाकावरचा ब्रेक या दोघांच्या नंतर.

शिरवळ, खेड शिवापूर. मध्यरात्र उलटून गेली होती. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि पुणे समोर दिवाळीसारखं पेटलेलं दिसलं. रस्ता सहा पदरी, गुळगुळीत. घाट संपला, गाव आलं, असंच कोणालाही वाटावं. दरी पूल, स्वामीनारायण मंदिर आणि मग नवले पूल. इथे डोळ्याला उतार दिसत नाही. दुचाकीवरून गेलात तर जाणवेल, कारण पुण्याकडे येताना पेट्रोल बंद केलं तरी ती पळत राहते.

आणि नेमकं तेच इथे ट्रकवाले करतात. तीन महिन्यांपूर्वी, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, या उताराने आलेल्या एका जड गाडीने नवले पुलाजवळ एकामागून एक अनेक गाड्या उडवल्या होत्या. त्याआधीही तिथे असंच होत आलं होतं. त्या नोव्हेंबरनंतर रम्बलर बसले, वेगमर्यादेचे फलक लागले, गाडी न्यूट्रल करू नका असं सांगणं सुरू झालं. पाचवडला वहीत लिहिलेला तो डिझेलचा हिशेब मला इथे आठवला. बोगद्यापासून पुलापर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, काही जण तर इंजिनच बंद करतात, आणि तेवढं डिझेल वाचलं म्हणायचं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीत आहे तेवढीच हवा. ब्रेक चार-सहा वेळा दाबला की काटा खाली यायला लागतो. पॉवर स्टेअरिंगही जातं, चाक दगडासारखं जड होतं. गिअर काढलेला, म्हणजे इंजिनाची ओढ आधीच गेलेली. अठ्ठावीस टन, पुढे सिग्नलला थांबलेली स्कूटर, आणि धरायला काही नाही.

यातला खरा विनोद तात्यांनी सांगितला. गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनात डिझेल जातच नाही. चाकंच ते फिरवत असतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू राहायला थोडं थोडं डिझेल पीत राहतं. तीव्र उताराला ब्रेक लावत उतरायचंच आहे, तर न्यूट्रलने वाचतं काय? "काय वाचत न्हाय. पन लोकांना आवाज कमी झाला की पैसं वाचल्यागत वाटतं." मालकांनी डिझेलचा हा ठरीव हिशेब बंद करावा, असं माझं मत त्या पुलापाशी झालं आणि ते अजून बदललेलं नाही. फलक वाचून कोणी न्यूट्रल सोडत नाही. खिशातून जाणार नाही अशी खात्री झाली की सोडतो.

पुण्याला वळसा घालून द्रुतगती मार्गाला लागलो. उर्से टोलनाक्यापुढे तात्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सरळ मागच्या फळीवर आडवे झाले. "घाट झोपंत उतरायचा न्हाय." दोन तास ते घोरत होते, भाचा बॉनेटवर डोकं ठेवून, आणि मी दर दहा मिनिटांनी जागा होत होतो. सहाला तोंडावर पाणी मारून, टायरांना पुन्हा ठोके देऊन निघालो.

खंडाळ्याला उजाडत होतं. नागफणीचा सुळका धुक्यातून वर आला होता. कारमधून पाहिला तेव्हा तो नेहमी फोटोतल्यासारखा दिसे. ट्रकच्या उंच काचेतून त्याच्या पायाशी किती दरी आहे तेही दिसलं.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली साठ-सत्तर मीटरवर. साडेपाचशे मीटरची ही उंची दहा-बारा किलोमीटरांत सोडायची. मी वहीत गणित मांडलं. अठ्ठावीस टन एवढे खाली आणायचे म्हणजे जी ऊर्जा सुटते तिच्यात जवळजवळ पाचशे लिटर गार पाणी उकळेल. ही उष्णता कुठे तरी जाणारच. थोडी वाऱ्यात, थोडी टायरांत, मोठा भाग इंजिनात, जर गिअर बरोबर असेल तर. नसेल तर सगळी त्या सहा ड्रमांत. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, लायनर गुळगुळीत होतो, आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी ऐकत नाही. बातमीत त्याला "ब्रेक फेल" म्हणतात. बहुतेक वेळा काहीच तुटलेलं नसतं. गार झाल्यावर ते ब्रेक पुन्हा चांगले लागतात.

हा घाट उतरवण्याची चिंता जुनी आहे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये सुरू झाला, रेल्वे १८६३ मध्ये. रेल्वेने पहिल्यापासून उताराला शत्रू मानलं. सदतिसास एक असा चढ, वर ढकलायला मागे जोडलेली इंजिनं, आणि खाली येताना घाटात थांबून ब्रेक तपासण्याची सक्ती. सुटलेली गाडी वळवून अडवायला रुळाचे खास चढते फाटे होते, त्यांना कॅच सायडिंग म्हणत. तात्या जे डोक्यात घेऊन हिंडतात ते रेल्वेने पुस्तकात लिहिलं आणि प्रत्येक ड्रायव्हरकडून करून घेतलं. शेजारच्या रस्त्यावर मात्र ते शहाणपण ज्याच्या त्याच्या उस्तादावर सोडलेलं आहे. उस्ताद चांगला मिळाला तर गाडी पोचते. तेव्हा हा घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याच्या, मिसिंग लिंकच्या, बोगद्यांचं काम चालू होतं. तात्यांना त्याचं कौतुक होतं, पण म्हणाले, "बोगदा झाला तरी समुद्र वर येनार न्हाय."

शिंगरोबाचं देऊळ जुन्या रस्त्यावर राहिलं. इंग्रजांना या घाटाची वाट एका धनगराने दाखवली, तो हा शिंगरोबा, अशी कथा. आम्ही द्रुतगती मार्गावर होतो, देऊळ दिसण्याचा प्रश्न नव्हता, तरी तात्यांनी त्या दिशेला हात कपाळाला लावला. अमृतांजन पुलाची जागा गेली. तो ब्रिटिशकालीन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत पाडला, तेव्हापासून तिथे ओळखीचं काही उरलेलं नाही.

उतार लागण्याच्या कितीतरी आधी तिसरा गिअर पडला होता. वेग वीस ते पंचवीस. डावी लेन. हवेचा काटा आठाजवळ. पुढे एक कंटेनर, आणि त्याच्या-आमच्यात शंभरेक पावलांचं अंतर. तात्यांनी ते अंतर वाण्याने तराजू धरावा तसं धरलं होतं. पुढचा हळू झाला की हे इंजिनावर आणखी दाबायचे, ब्रेकला एकच ठाम दाब देऊन सोडायचे. पाय सतत ठेवायचा नाही, तुकड्या-तुकड्याने पंपही मारायचा नाही. एका दाबात वेग पाडायचा आणि ड्रमाला वारा घेऊ द्यायचा.

आणि मग एक पांढरी कार उजवीकडून येऊन त्या शंभर पावलांत शिरली. शिरून तिने ब्रेक लावला, कारण पुढे कंटेनर होता. तात्यांचा पाय पेडलवर गेला, अठरा टन साखर पाठीत बसली, भाचा डॅशबोर्डवर आला. कार दोन क्षणांत पुन्हा उजवीकडे निघून गेली. खोपोलीच्या फाट्यापर्यंत असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी खिडकीतून जळक्या चामड्यासारखा वास आला. मी घाबरून तात्यांकडे पाहिलं. "आपला न्हाय," ते म्हणाले. "फुडं बघा."

कडेला एक ट्रक उभा होता. मागच्या चाकांतून निळसर धूर येत होता. त्याचा क्लीनर, पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं, पाण्याचा डबा घेऊन चाकाकडे निघालेलं. तात्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि रात्रभरात पहिल्यांदा ओरडले, "पानी नको! आरं पानी नको, ड्रम फुटंल! निवू दे!" तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. पोरगं डबा धरून तसंच उभं राहिलं. आम्ही थांबू शकत नव्हतो. उतारावर भरलेली गाडी दुसऱ्यासाठी थांबवता येत नाही. आरशात ते लहान होत गेलं, पाणी ओतलं की नाही ते दिसलं नाही.

वाशीला पोचायला साडेआठ वाजले. मार्केटात नंबर लागेपर्यंत तात्या खाली उतरले, मागच्या चाकाजवळ गेले आणि हाताची पालथी बाजू ड्रमाजवळ नेली. मग मला बोलावलं. मीही हात नेला. सकाळच्या उन्हात ठेवलेल्या तांब्याइतका तो गरम होता, अधिक नाही. ३६० पोती मोजून उतरली, एकाची शिवण उसवलेली निघाली. त्यावरून हमाल आणि दुकानदार यांच्यात जे चाललं ते तासभर चाललं. तात्या तोवर झोपले होते.

परतीचं भाडं मिळायला दोन दिवस लागणार होते, म्हणून मी एसटीने घरी आलो. त्यानंतर बोरघाट अनेकदा उतरलो, माझ्याच गाडीने. वाचकांतल्या कारवाल्यांना माझी एकच विनंती आहे. उताराला डाव्या लेनमधल्या भरलेल्या ट्रकपुढे शंभर पावलांची मोकळी जागा दिसेल, तुम्हाला घाईही असेल. त्या जागेत शिरू नका. ती त्याने ब्रेकसाठी राखून ठेवलेली असते.